साष्टीच्या घळीतील वाट

मुंबई उपनगर जिल्ह्याचा नकाशा पाहिला, तर पश्चिमेस अंधेरी ते बोरिवली आणि पूर्वेस घाटकोपर ते मुलुंड अशा दोन दाट वस्त्यांच्या मधोमध एक डोंगराळ पट्टा मोकळा राहिलेला दिसतो. वसईची खाडी, ठाण्याची खाडी आणि माहीमची खाडी यांनी वेढलेल्या साष्टी बेटाचा हा कणा असून त्याच्या बऱ्याच भागावर आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान वसलेले आहे, ज्याचे क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटर असून ते मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या याच डोंगरांतून निघतात, आणि पावसाच्या पाण्याने खडक कापत जाऊन ठिकठिकाणी घळी, म्हणजे उभ्या काठांच्या, झाडीने झाकलेल्या अरुंद दऱ्या, तयार केल्या आहेत. रविवारी सकाळी पाठीवर पाण्याच्या बाटल्या आणि डबे घेऊन या घळींतून हिंडणारी कुटुंबे आता उपनगरी जीवनाचा नेहमीचा भाग झाली आहेत. परंतु ही वाट त्यांच्यासाठी शिल्लक राहिली ती कशामुळे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर वनप्रेमात शोधण्यापेक्षा पाण्यात शोधणे अधिक योग्य ठरते. या डोंगरात जो कोणी आला, तो प्रथम पाण्यासाठी आला किंवा पाण्यामुळे टिकला, आणि ज्यांनी हे रान राखले त्यांच्या मनात सहलीचा विचार बहुतेक वेळा नव्हताच.

याचा सर्वांत जुना पुरावा कान्हेरीचा आहे. बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून सुमारे सहा किलोमीटर आत, एका ओढ्याच्या दोन्ही अंगांना, शंभराहून अधिक लेणी कोरलेली असून त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत पसरलेला आहे. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, हे त्याचे संस्कृत नाव, आणि प्राकृत लेखांत तोच 'कण्हसेल' म्हणून येतो. बौद्ध भिक्षूंनी हे स्थान का निवडले असावे, हे पावसाळ्यात तेथे उभे राहिल्यावर ध्यानात येते. भिक्षूंनी वर्षावास, म्हणजे पावसाचे महिने फिरस्ती थांबवून एका जागी राहण्याचा नियम, पाळावयाचा असे आणि त्यासाठी वस्तीपासून अलिप्त, तरीही भिक्षेसाठी गाठता येईल अशी जागा लागे. परंतु पावसाळा संपल्यावर उरलेले आठ महिने तग धरावयाचा, तर पाणी साठवणे भागच होते. म्हणून जवळजवळ प्रत्येक विहाराच्या अंगणात एका बाजूला खडकात टाके कोरलेले आढळते. लेण्याच्या कपाळावर, म्हणजे दर्शनी कड्याच्या वरच्या भागावर, उथळ पन्हळी खोदून पावसाचे पाणी त्या टाक्याकडे वळवलेले असते. या टाक्यांना लेखांत 'पोढी' म्हटले आहे, आणि विहाराचे दान देणारा दाता त्यासोबत पोढीचेही दान नोंदवतो, इतके ते विहाराचे अविभाज्य अंग होते. घळीच्या वरच्या अंगाला पाणी अडवण्यासाठी घातलेल्या बांधाचे अवशेषही अभ्यासकांनी नोंदवलेले आहेत.

कान्हेरीचा एक लेख इतिहासकारांमध्ये विशेष प्रसिद्ध आहे. पाचव्या लेण्याजवळच्या टाक्यावर तो असून, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी महाक्षत्रप रुद्राची, बहुतेक विद्वानांच्या मते रुद्रदामनाची, कन्या होती असे त्यावरून दिसते. दख्खनचे सातवाहन आणि पश्चिमेचे क्षत्रप हे एकमेकांचे शत्रू विवाहसंबंधाने जोडले गेले होते, याचा तो आधार मानला जातो. मात्र या राजकीय निष्कर्षाच्या भरात लेखाचा मूळ विषय मागे पडतो. सतेरक नावाच्या अमात्याने केलेले दान पाण्याच्या टाक्याचे आहे. दोन राजघराण्यांच्या सोयरिकीची वार्ता आपल्यापर्यंत पोहोचली ती एका टाक्याच्या कडेवरून, ही गोष्ट या डोंगराच्या स्वभावाला धरूनच आहे. इतर लेखांतील दात्यांची गावे पाहिली, तर कल्याण, सोपारा, चेमूल म्हणजे चौल, आणि नाशिक अशी बंदरे व बाजारपेठा त्यांत येतात. म्हणजे या घळीत येणारा माणूस रानात वाट चुकून आलेला नव्हता. तो व्यापारी मार्गावरून जाणीवपूर्वक वाट वाकडी करून वर चढत असे, आणि लेण्यांना जोडणाऱ्या खडकात कोरलेल्या पायऱ्या त्याच्या ये-जा करण्यासाठी होत्या. आजही त्यांवरूनच चढावे लागते. मधोमध झिजून खोलगट झालेल्या या पायऱ्यांत पावसानंतर काही दिवस पाणी साचून राहते आणि तेथे पाय घसरू नये म्हणून वडीलधारी माणसे मुलांना कडेने चालावयास सांगतात.

नवव्या शतकात राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या शिलाहारांच्या काळचे लेख येथे आहेत, त्यांतील शेवटचा इसवी सन ८७७ चा. त्यानंतर भिक्षुसंघ विरळ होत गेला, आणि याच उतरत्या काळात कान्हेरीला जे पाहुणे आले त्यांची नोंद सहलीच्या इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. नव्वदाव्या लेण्यात पहलवी, म्हणजे मध्ययुगीन इराणी भाषेच्या लिपीतील, लेख कोरलेले असून एडवर्ड विल्यम वेस्ट या अभ्यासकाने १८८० मध्ये त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. यज्दगर्दी संवत्सराच्या ३७८ आणि ३९० या वर्षांत, म्हणजे इसवी सन १००९ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत आणि पुन्हा १०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, जरथुश्त्री धर्माच्या काही मंडळींनी या स्थळाला भेट दिली आणि आपली नावे भिंतीवर कोरून ठेवली. ही नावे अमक्याचे पुत्र तमके अशी आहेत. बाप, मुलगे आणि भाऊ एकत्र आले होते, आणि पहिल्या भेटीतील काही माणसे त्याच वर्षी दुसऱ्यांदा आली असावीत. त्यांनी येथे पूजा केली की नाही, हे लेख सांगत नाहीत. पावसाळा सरल्यावर, घळीत अजून पाणी खळाळत असताना, परक्या धर्माचे देवस्थान पाहावयास कुटुंबातील माणसांनी मिळून जाणे आणि आपण आलो होतो हे भिंतीवर लिहून ठेवणे, या प्रथेचा साष्टीतील हा सर्वांत जुना दाखला म्हणावा लागेल. भिंतींवर नावे लिहिण्याची खोड पुढील हजार वर्षांत सुटली नाही, पण त्या पारशी मंडळींचा दगडावरचा हात आजच्या टवाळांपेक्षा पुष्कळच कसदार होता!

सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगिजांकडे गेली आणि रिकामी लेणी हा कुतूहलाचा विषय झाला. बोरिवलीजवळचे मंडपेश्वर लेणे त्यांच्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्चसाठी वापरले. त्याच पंथाचा आंतोनियो दो पोर्तो हा पाद्री कान्हेरीच्या भुयारात शिरला, त्याने बरोबर शिधा घेतला आणि सात दिवस चालूनही भुयाराचा अंत लागला नाही, अशी हकिकत दियोगु दो कोतू या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. असे भुयार कान्हेरीत नाही. तथापि ही दंतकथा तिथल्या स्थळवर्णनाइतकीच बोलकी आहे, कारण दाट झाडीत एका लेण्यातून दुसऱ्यात, पायऱ्यांवरून आणि टाक्यांच्या काठाने जाताना दिशाभूल होते, याचा अनुभव आजही नवख्यांना येतो. १६९५ मध्ये वसईहून आलेला इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी याने कान्हेरीचे बरेच सविस्तर वर्णन केले, आणि १७६० मध्ये फ्रेंच विद्वान आंकतील-द्युपेराँ तेथे येऊन गेला. या सर्वांना वाटाड्या, घोडा किंवा पालखी आणि हत्यारबंद सोबत लागत असे. अशा प्रवासाला सहल म्हणणे कठीण आहे, कारण त्यात परतीची खात्री नव्हती आणि स्त्रिया व मुले तर नव्हतीच.

मराठ्यांनी १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी घेतली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ती जिंकली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. त्यानंतर मुंबई बेट आणि साष्टी यांमधील पाणी ओलांडण्याचा प्रश्न सुटत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत शीवचा बांध झाला आणि १८४५ मध्ये अवाबाई जमशेटजी यांच्या देणगीतून माहीमचा बांध पूर्ण झाला. बांध म्हणजे खाडीतून घातलेला भरावाचा रस्ता. होडीच्या वेळा आणि भरती-ओहोटी यांवर अवलंबून न राहता घोडागाडीने डोंगराच्या पायथ्याशी पोहोचता येऊ लागले. १८२५ मध्ये बिशप हीबर कान्हेरीस आला, आणि १८३९ मध्ये डॉक्टर जेम्स बर्ड याने येथील स्तूप उकरून त्रैकूटक संवताच्या २४५ व्या वर्षाचा ताम्रपट शोधला. त्यावेळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या फेऱ्यांत लेणी पाहणे, शिकार आणि मेजवानी या तिन्हींची सरमिसळ असे. आचारी, हमाल, तंबू पुढे रवाना होत आणि साहेब मागून येत. सामान वाहणारे, वाट दाखवणारे आणि रात्री जागणारे मात्र याच डोंगरातील वारली, काथोडी आणि मल्हार कोळी होते.

डोंगराचे भवितव्य ठरवणारी घटना मात्र पर्यटनाची नव्हती. विहिरी आणि तलाव यांवर भागवणाऱ्या मुंबईची तहान १८५० च्या दशकात अनावर झाली, आणि १८५४ च्या पाणीटंचाईनंतर हेन्री कॉनिबिअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ मध्ये मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात धरण बांधण्यास आरंभ झाला. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. तेही अपुरे पडू लागल्याने त्याच्या उत्तरेस तुळशी तलाव बांधण्यात आला, जो १८७९ मध्ये पूर्ण झाला. विहार सखल जागी असल्याने त्याचे पाणी मलबार टेकडीवर चढत नसे, तर तुळशीची उंची जास्त असल्याने तेथून ते टेकडीवरील जलाशयात नेता आले. तुळशीच्या सांडव्यावरून, म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेवरून, वाहणारे पाणी दहिसर नदीत येते आणि विहारचे मिठीत. म्हणजे श्रावणात बोरिवलीच्या घळीत मुले ज्या ओढ्यात पाय बुडवून बसतात, त्याच्या वरच्या अंगाला शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे.

या दोन तलावांमुळे एक नवे तत्त्व रूढ झाले, ते पाणलोटाचे. ज्या उतारावरचे पाणी तलावात येते तो सगळा उतार म्हणजे पाणलोट, आणि तेथे शेती, गुरे व वस्ती राहिली तर गाळ आणि घाण थेट शहराच्या नळात उतरणार, हे उघड होते. त्यामुळे तलावांभोवतीच्या डोंगरावर नगरपालिकेचा ताबा आला, कुऱ्हाड थांबली आणि मुंबईला जळाऊ लाकूड पुरवणाऱ्या साष्टीच्या रानाचा किमान एक भाग वाचला. दाट शहराच्या मध्यभागी इतके जंगल उरण्यामागचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे. आज ते बिबट्यांच्या किंवा फुलपाखरांच्या नावाने राखले जाते, हे चांगलेच. पण पहिली शंभर वर्षे ते नळासाठी राखले गेले होते.

याच काळात रानाच्या उरलेल्या भागावर वनखात्याची पकड घट्ट झाली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलातील चराई, लाकूडतोड आणि राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याकरिता डहाळ्या व पाला तोडणे, यांवर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला, की सरकारला १८८५ मध्ये वनआयोग नेमावा लागला. डोंगरातील पाड्यांवर, म्हणजे काही झोपड्यांच्या छोट्या वस्त्यांवर, राहणाऱ्या आदिवासींना ज्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या मोळ्या, मोहाची फुले, करवंदे आणि खेकडे यांसाठी मळलेल्या होत्या, त्यांवरून जाणे आता परवानगीचा विषय झाले. निसर्गवाट म्हणून आज फलक लावलेल्या बहुतेक वाटा या मोळीवाल्यांच्याच आहेत. वनरक्षकाने नव्याने आखलेली वाट सहसा सरळ असते. घळीतली जुनी वाट मात्र ओढ्याला वळसा घालते, पाण्याच्या जागी थांबते आणि चढावर वाकते, यावरून ती कोणी पाडली हे ओळखता येते.

सहल सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात यावयाची, तर तीन गोष्टी लागत होत्या, त्या म्हणजे सुट्टी, स्वस्त वाहन आणि जवळचे घर. त्या क्रमाक्रमाने आल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळू लागली. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ मध्येच सुरू झाली होती आणि १८६० च्या दशकात पश्चिमेकडील मार्गही चालू झाला. परंतु वेग आला तो विजेमुळे, जी १९२८ मध्ये कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत पोहोचली. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा स्वतंत्र झाला, आणि गिरगाव-दादरच्या चाळींतून निघालेली कुटुंबे पार्ले, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे घरे करू लागली. १९५० आणि १९५७ च्या विस्तारांनी ही उपनगरे टप्प्याटप्प्याने मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली. पूर्वी ज्याला कान्हेरी पाहावयाची त्याला दिवस मोडावा लागे, ती आता घरापासून रिक्षाच्या अंतरावर आली.

मराठी घरांना रानात जाऊन जेवण्याची कल्पना मुळीच नवी नव्हती. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवण्याची आवळीभोजनाची चाल, श्रावणी सोमवारी डोंगरावरच्या महादेवाला जाणे आणि जत्रेच्या निमित्ताने रानातून पायी चालणे या प्रथा आधीपासून होत्या, आणि विशेष म्हणजे त्यांत स्त्रिया व मुले पुढे असत. उपनगरातील रविवारची सहल या प्रथांवर बेतलेली आहे, गोऱ्या साहेबांच्या मेजवान्यांवर नव्हे, असे मानण्यास जागा आहे. दशमी, चटणी, थालीपीठ, बटाट्याची कोरडी भाजी असा शिधा, सतरंजी, आणि जेवणानंतर भेंड्या, हा बेत जत्रेच्या वाटेवरचाच आहे. महाशिवरात्रीला कान्हेरीकडे जी गर्दी लोटते आणि जिच्यासाठी बेस्टला बोरिवलीहून जादा बसगाड्या सोडाव्या लागतात, तीत भाविक कोण आणि सहलीला आलेले कोण, हे वेगळे करता येत नाही. बौद्ध लेण्यांच्या डोंगरावर महादेवाच्या दिवशी जमणाऱ्या या माणसांना त्यात काही विसंगतही वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये मुंबई राज्याने राष्ट्रीय उद्यानांसाठी कायदा केला आणि त्यान्वये येथे कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान आकाराला आले, ज्याचे आरंभीचे क्षेत्र जेमतेम २० चौरस किलोमीटर होते. पुढे शेजारची राखीव जंगले आणि पाणलोट त्यात येत गेले, नाव बोरिवली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८१ मध्ये आजचे नाव देण्यात आले, तरी लोकांच्या तोंडी ते अजूनही 'नॅशनल पार्क'च आहे. दक्षिणेस गोरेगावला शहरातील तबेले बाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत वसवण्यात आली आणि तिथल्या तळ्याकाठच्या बागेला लोकांनी छोटा काश्मीर म्हटले. या काळातील सहल बागेकडे अधिक झुकलेली होती. वनराणी ही छोटी आगगाडी, गांधी टेकडी, सिंहांची सफारी, नौकाविहार यांतच शाळांच्या आणि कुटुंबांच्या सहली संपत आणि घळीत उतरणारे थोडेच असत. खडकांवर दोर लावून चढण्याचा सराव करणाऱ्या गिर्यारोहकांना मात्र कान्हेरीचे कडे चांगले परिचयाचे होते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या गिरिविहार या संस्थेच्या पिढ्या येथेच तयार झाल्या.

घळीकडे पाहण्याची नवी दृष्टी पक्षिनिरीक्षकांनी दिली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ पासून मुंबईत काम करीत होती, आणि सालिम अली व हुमायून अब्दुलअली यांनी १९३० च्या दशकात मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर लिहिलेल्या लेखमालेने या डोंगराचे महत्त्व शास्त्रीय पातळीवर सिद्ध केले. याच संस्थेचे निसर्गशिक्षण केंद्र गोरेगावला उद्यानाच्या कुशीत उभे राहिले आणि तेथे कुटुंबांना वाटाड्यासह रानातून चालवून आणण्याची पद्धत रुळली. सहल म्हणजे जागा गाठून बसणे ही कल्पना मागे पडून चालणे हाच हेतू मानणारी फेरी त्यातून रूढ झाली. शिलोंडा ही वाट तिचे उत्तम उदाहरण आहे.

शिलोंड्याची वाट कान्हेरीच्या रस्त्यावरून फुटते, आणि त्यासाठी वनखात्याची पूर्वपरवानगी व वाटाड्या लागतो. पहिला टप्पा सागाच्या मिश्र रानातून जातो. ऐन, कळंब, पळस, पांगारा, कुडा आणि बांबूची बेटे यांमधून उतरत ती ओढ्याच्या पात्राला मिळते आणि मग बराच वेळ गोट्यांवरून, कधी या काठाने तर कधी त्या काठाने, पाण्याच्या सोबतीने चालते. जून ते सप्टेंबर ओढ्याला लोंढे येतात, म्हणून जाणत्यांच्या मते तिला योग्य काळ दसऱ्यापासून थंडी संपेपर्यंतचा. कान्हेरीला आलेल्या त्या पारशी मंडळींनीही नेमका हाच हंगाम निवडला होता. ओढ्याच्या काठी दोन झाडांमध्ये हाताएवढ्या रुंद जाळ्यात बसलेला मोठा कोळी, सोनेरी दोरांनी बांधलेले ते जाळे चुकवण्यासाठी वाकणारी माणसे, आणि पाण्यावरून लांब शेपटीचा पांढरा स्वर्गीय नर्तक पक्षी गेल्यावर एकदम थबकणारी मुले, हे या वाटेवरचे नेहमीचे दृश्य. उतारावर सर्वत्र कारवी असते. ही झुडपे दर आठ वर्षांनी एकदाच सामूहिकपणे फुलतात आणि बी टाकून वाळतात. २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी येथील डोंगर जांभळे झाले होते. वाळलेल्या कारवीच्या काठ्या कुडाच्या, म्हणजे काड्या विणून वर शेणमाती लिंपलेल्या, भिंतींसाठी पाड्यांवर वापरल्या जातात. परतीच्या वाटेवर कान्हेरीच्या पायथ्याशी आदिवासी बायका काकडी उभी चिरून तिला तिखट-मीठ लावून विकतात, हंगामाप्रमाणे बोरे, करवंदे आणि जांभळे आणतात, आणि माकडे ती ग्राहकाच्या हातातून पळवतात.

या रानाचा मालक कोण, हा प्रश्न गेल्या तीस वर्षांत न्यायालयात गेला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने १९९५ मध्ये याचिका केली आणि मे १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, ज्यानुसार हजारो झोपड्या पाडण्यात आल्या. शहरातून येऊन वसलेले आणि पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले यांतील भेद या कारवाईत नेहमीच स्पष्ट राहिला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो ओळखला, पण अंमलबजावणीची गती मंदच राहिली. बिबट्यांचा प्रश्नही असाच चिघळला होता. २००४ च्या आसपास उद्यानाभोवती माणसांवरील हल्ले वाढले, बिबटे पकडून दुसरीकडे सोडणे हा उपाय उलट घातक ठरत असल्याचे पुढे मान्य झाले, आणि २०११ पासून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या उपक्रमातून काठावरच्या वस्त्यांशी संवाद सुरू झाला. पाड्यांवर मात्र वाघोबाची पूजा पूर्वीपासून चालू होती. वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवून रानात जाण्याची परवानगी मागितली जाते, आणि ही परवानगी वनखात्याच्या परवान्याहून कितीतरी जुनी आहे.

रानाच्या दोन्ही बाजूंची उपनगरे एकमेकांना जोडण्याचा आग्रह आता डोंगराच्या पोटात शिरला आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे प्रत्येकी सुमारे ४.७ किलोमीटरचे दोन बोगदे आणि ठाणे-बोरिवली मार्गाचे जुळे बोगदे यांच्या कामांचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. मुलुंडहून बोरिवलीकडे डोंगर ओलांडून जाणाऱ्या जुन्या पायवाटा तुळशी आणि विहारच्या पाणलोटातून जातात, आणि तलावांच्या सुरक्षिततेमुळे त्या सर्वसाधारण पर्यटकाला खुल्या नाहीत. त्यामुळे ज्या डोंगराचा पूर्व उतार घराच्या खिडकीतून दिसतो, त्याच्या पश्चिम घळीत चालावयाचे असेल, तर मुलुंडच्या कुटुंबाला आजही डोंगराला मोठा वळसा घालून बोरिवली गाठावी लागते.